गारपिटीची चाहूल : सीमाभागातील हौशी हवामान निरीक्षक आणि अंदाजाच्या मर्यादा

दख्खनच्या पठारावर हिमवर्षाव होत नाही. तरीही हिवाळा सरत असताना एखाद्या दुपारी येथील शिवारे काही मिनिटांत पांढरी होतात. मार्च २०२३ च्या मध्यास तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात गारांचा इतका दाट थर साचला होता, की त्याची छायाचित्रे हिमाचल किंवा काश्मीरची वाटावीत. विकाराबादच्या पश्चिमेला आणि वायव्येला कर्नाटकाचे कलबुर्गी व बिदर हे जिल्हे आहेत. बिदरच्या उत्तर टोकाकडील औराद-कमलनगर भागात ठाणाकुशनूर हे मराठी बोलणारे गाव वसले आहे. युरोप-अमेरिकेतील हवामानप्रेमी ज्या उत्कंठेने येऊ घातलेल्या हिमवादळाची वाट पाहतात, त्याच उत्कंठेने, किंबहुना अधिक धास्तीने, या पट्ट्यातील माणसे माघ-फाल्गुनाच्या आभाळाकडे पाहतात.

या धास्तीचे कारण पिकांच्या वेळापत्रकात आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसीला, ज्वारी, हरभरा, करडई व गहू ही रब्बीची पिके शिवारात उभी असतात. त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत हरभरा काढून त्याच्या गंजी लागतात, ज्वारीची कणसे भरतात आणि आंब्याला मोहोर येतो. वर्षभराचा खर्च झालेला असतो, मात्र रास अजून घरात आलेली नसते. नेमक्या याच काळात गारपिटीचा धोका असतो. जूनमधला पाऊस लांबला तर दुबार पेरणीचा मार्ग असतो. फेब्रुवारीत गारांनी झोडपलेल्या हरभऱ्याला दुसरी संधी नसते.

म्हणूनच मोबाइलवर उपग्रहाची चित्रे, वाऱ्यांचे नकाशे आणि रडारचे ठिपके पाहून गावाला सावध करणाऱ्या हौशी निरीक्षकांना महत्त्व आले आहे. हे निरीक्षक नेमके काय पाहू शकतात, काय पाहू शकत नाहीत आणि त्यांच्या शब्दावर शेतकऱ्याने किती विसंबावे, याची मांडणी या लेखात केली आहे.

जुना बिदर जिल्हा, तीन हवामान उपविभाग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याची तीन राज्यांत विभागणी झाली. बिदर जिल्ह्याचीही तीच गत झाली. मुख्य भाग तत्कालीन म्हैसूर राज्याकडे गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात आले. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि आता तेलंगणात आहेत.

या इतिहासाचा हवामानाच्या अंदाजाशी थेट संबंध आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग पाडले आहेत. त्यांपैकी बिदर व कलबुर्गी उत्तर अंतर्गत कर्नाटकात, लातूर व नांदेड मराठवाड्यात आणि जहिराबादचा परिसर तेलंगणात मोडतो. या तीन उपविभागांची पत्रके अनुक्रमे बंगळुरू, मुंबई व हैदराबाद येथून निघतात. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी जो एक जिल्हा होता, त्याच्यावरील एकाच ढगाविषयी आज तीन शहरांतून तीन पत्रके प्रसिद्ध होतात आणि ती तीन राज्यांच्या प्रशासनांमार्फत खाली उतरतात.

ठाणाकुशनूरच्या शेतकऱ्याला लागू पडणारा अधिकृत इशारा बंगळुरूहून येतो. तो स्थानिक पातळीवर मुख्यतः कन्नडमध्ये पोहोचतो. त्याच्या वाचनातील मराठी वृत्तपत्रे आणि नात्यागोत्यातून येणारे संदेश मात्र मराठवाड्याचा अंदाज सांगतात. तो अंदाज लातूर जिल्ह्याच्या वेशीवर संपतो. नकाशात लातूर नारिंगी रंगात दिसते आणि शेजारच्या बिदरचा रंग कधी वेगळाच असतो, कारण दोन केंद्रांतील पूर्वानुमानकारांनी एकाच परिस्थितीचे वजन निराळे केलेले असते. अशा वेळी तिन्ही पत्रके एकत्र वाचून त्यांचा मेळ घालणारा कोणीतरी गावात असणे ही चैन राहत नाही. सीमाभागातील हौशी निरीक्षकाचे पहिले आणि कदाचित सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

गार कशी घडते

पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक व्यासाच्या, ढगातून पडणाऱ्या बर्फाच्या गोळ्याला गार म्हणतात. हिमाचे पापुद्रे थंड ढगात शांतपणे घडतात. गारेला मात्र प्रचंड उलथापालथ लागते. जमीन तापली, खालची हवा दमट असली आणि वरची हवा कोरडी व थंड असली, की उष्ण हवेचा झोत वेगाने वर चढतो. ऐरणीसारखा माथा पसरलेला गडगडाटी ढग उभा राहतो. त्याची उंची बारा ते पंधरा किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

या ढगाच्या मधल्या भागात तापमान शून्याच्या खाली असूनही पाण्याचे असंख्य थेंब द्रवरूपातच असतात. अशा अतिशीत थेंबांना एखाद्या बर्फकणाचा स्पर्श झाला, की ते त्यावर गोठतात. वर चढणारा झोत त्या कणाला तोलून धरतो आणि तो तरंगत असेतोवर त्यावर बर्फ चढत राहतो. गारेचा भार झोताला पेलवेनासा झाला म्हणजे ती खाली येते. सुपारीएवढी गार तोलून धरण्यास ताशी सुमारे ५० ते ६० किलोमीटर वेगाचा ऊर्ध्व झोत लागतो. लिंबाएवढ्या गारेला त्याहून कितीतरी अधिक जोर हवा. म्हणून गारेचा आकार हा त्या ढगाच्या ताकदीचा पुरावा मानला जातो.

खाली पडताना गार शून्य अंशाच्या पातळीखालील उबदार हवेतून येते आणि वितळू लागते. पावसाळ्यात ही पातळी पाच किलोमीटरच्याही वर असते. त्यामुळे लहान गारा वाटेतच पाणी होतात. हिवाळ्याच्या अखेरीस पठारावर ती साधारणपणे चार ते साडेचार किलोमीटरपर्यंत उतरलेली असते. त्यात बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. म्हणजे गारेचा वितळण्याचा प्रवास दोन्ही बाजूंनी आखूड होतो. गोव्याच्या किनाऱ्यावर गडगडाटी पाऊस नवा नाही, पण गारा तेथे अपूर्वाईच्या. पठारावरील गावांत मात्र त्यांची आठवण प्रत्येक पिढीला असते. या फरकाच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

गारपिटीच्या संहारकतेविषयी भारतीय उपखंडाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ जणांचा मृत्यू झाला. एका गारपिटीतील सर्वाधिक मृत्यूंची नोंद म्हणून जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये तिला मान्यता दिली. आजवर वजन झालेली सर्वांत जड गारही याच उपखंडातील आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातील गोपालगंज येथे ती पडली आणि तिचे वजन १.०२ किलोग्रॅम भरले.

दोन समुद्रांच्या वाऱ्यांची गाठ

हिवाळ्यात पठारावरील हवा बहुधा कोरडी व स्थिर असते. गारपीट होण्यासाठी दोन घटना एकाच वेळी घडाव्या लागतात.

पहिली घटना उंचावरची आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकतात आणि हिमालयात हिम पाडतात. त्यांतील एखाद्याचा उंचावरील द्रोणीय भाग दक्षिणेकडे खोलवर झुकला, तर दख्खनवर थंड, कोरडे आणि वेगवान पश्चिमी वारे पोहोचतात. दुसरी घटना जमिनीलगतची आहे. बंगालच्या उपसागरावर हवेच्या अधिक दाबाचे क्षेत्र स्थिरावले, की तेथून आग्नेयेचे दमट वारे तेलंगणा ओलांडून बिदर-लातूरपर्यंत येतात. अरबी समुद्रावरील बाष्पही त्यांना कधी येऊन मिळते. या भिन्न वाऱ्यांच्या सीमेवर कर्नाटकाच्या अंतर्भागापासून मराठवाडा-विदर्भापर्यंत पसरलेली द्रोणीय रेषा तयार होते. हवामान विभागाच्या पत्रकातील हा शब्दप्रयोग अनेक वाचक ओलांडून पुढे जातात. हिवाळ्यातील गारपिटीचा माग काढणारा निरीक्षक मात्र तो शब्द दिसताच थांबतो.

२०१४ मध्ये हीच जुळणी दीर्घकाळ टिकून राहिली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्ह्यांत वारंवार गारा पडल्या. उत्तर कर्नाटकालाही तडाखा बसला. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे व डाळिंबे यांची अतोनात हानी झाली, जनावरे दगावली, माणसेही गेली. सामान्यतः एखाद्या दुपारी घडून जाणारी ही घटना पंधरवडाभर रेंगाळल्याने हवामानशास्त्रज्ञांनी तिचा स्वतंत्र अभ्यास केला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या मनात गारपिटीची भीती ठसली ती याच हंगामापासून. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मराठवाड्यात पुन्हा मोठी गारपीट झाली. त्या वेळी हवामान विभागाने आधीच इशारा दिला होता.

पाच दिवस, एक दिवस, दोन तास

गारपिटीच्या अंदाजाचे तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर सांगता येण्याजोगी गोष्ट वेगळी असते, आणि प्रामाणिक निरीक्षक व उतावळा निरीक्षक यांतील फरक येथेच दिसतो.

चार-पाच दिवस आधी केवळ अनुकूल परिस्थिती दिसते. भारतीय, अमेरिकी व युरोपीय संगणकीय प्रारूपांचे नकाशे आता कोणालाही मोबाइलवर पाहता येतात. उंचावरील द्रोणी दख्खनकडे झुकणार का, आग्नेयेचे वारे कितपत आत येणार, या दोन प्रश्नांवर ही प्रारूपे एकमत दाखवू लागली, तर ‘अमुक दिवसांत या विभागात गडगडाटी पाऊस व काही ठिकाणी गारा संभवतात’ एवढे म्हणता येते. गावाचे नाव घेण्याची ही वेळ नव्हे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली आणि प्रारूपाची जाळी सहा किलोमीटरपर्यंत बारीक झाली. तत्पूर्वी ती बारा किलोमीटरची होती. तरीही दोन किलोमीटर रुंदीची गारपीट या जाळीच्या एका चौकोनातही हरवते.

आदल्या दिवशी चित्र बरेच स्पष्ट होते. हैदराबाद, नागपूर, पणजी आदी ठिकाणांहून रोज पहाटे व सायंकाळी फुगे सोडले जातात. ते उंचीनुसार तापमान, आर्द्रता व वारे मोजतात. या नोंदींवरून हवा किती अस्थिर आहे आणि शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, हे कळते. हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल अशा चार रंगांत येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे कृती करा, असा त्यांचा अर्थ आहे. गावातल्या खुणाही जुळू लागतात. दोन दिवसांपूर्वीची बोचरी थंडी अकस्मात कमी होते, रात्री उबदार वाटू लागतात, पहाटे धुके दाटते आणि वारा पूर्व-आग्नेयेकडून वाहतो.

शेवटचे दोन-तीन तास हे रडारचे आणि डोळ्यांचे असतात. हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी तात्काळ इशारे देतो. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे अर्ध्या तासाच्या आत नवी होतात. हैदराबादचे डॉप्लर रडार ढगांतील थेंबांचा व गारांचा परावर्तित संकेत टिपते. तो पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या वर गेला, की गारांची शक्यता मानतात. ठाणाकुशनूर या रडारपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही तेथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाच्या पोटात गार आहे हे रडार सांगू शकते. ती जमिनीवर गार म्हणूनच पोहोचली की पाणी होऊन, हे त्याला दिसत नाही. ते पाहायला जमिनीवर माणूसच लागतो.

विजेसाठी पुण्याच्या याच संस्थेचे ‘दामिनी’ हे उपयोजन उपयोगी आहे. आपल्या ठिकाणापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजांची सूचना ते देते. पठारावरील गडगडाटी वादळात माणसाच्या जिवाला गारेपेक्षा विजेचाच धोका अधिक असतो, हे विसरता कामा नये.

अंदाज चुकला, म्हणजे काय झाले?

‘इशारा दिला, पण आमच्याकडे एक गारही पडली नाही’, ही तक्रार प्रत्येक हंगामात ऐकू येते. तिची शहानिशा साध्या गणिताने करता येते. बिदर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,४४८ चौरस किलोमीटर आहे. एखादा ढग वीस किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद पट्ट्यात गारा पाडत गेला, असे धरू. तो पट्टा ४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्याच्या एक टक्क्याहूनही कमी होतो. असे पाच ढग आले, तरी जिल्ह्याचा चार टक्के भागही झोडपला जात नाही. जिल्ह्याला दिलेला इशारा शंभर टक्के बरोबर ठरला, तरी त्या जिल्ह्यातील बहुतेक गावांना तो चुकल्यासारखाच वाटणार. ज्या गावावर गारा पडल्या, त्याचे मात्र सर्वस्व गेलेले असते.

याउलट अडचण हिमवादळाच्या देशांत दिसते. तेथे वादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि आठवडाभर आधीच त्याची चाहूल लागते. तरीही फसगत होते. जानेवारी २०१५ च्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिमवादळ येणार होते. न्यूयॉर्क शहरात दोन-तीन फूट हिम साचण्याचा अंदाज होता, आणि हिमाच्या भीतीने तेथील भुयारी रेल्वे प्रथमच बंद ठेवण्यात आली. वादळाचा मार्ग थोडासा पूर्वेकडे सरकला. शहराच्या सेंट्रल पार्कमध्ये अवघे ९.८ इंच हिम पडले, तर बॉस्टनमध्ये २४.६ इंच. अमेरिकी हवामान सेवेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांनी किराणा भरून ठेवला असेल, तर त्यांचे फारसे काही बिघडले नाही. बॉस्टनकरांनी भरला नसता, तर मात्र बिघडले असते. अंदाजातील अनिश्चितता झाकून एकच मोठा आकडा सांगितल्याने लोकांचा विश्वास कसा ढळतो, याचा हा धडा होता. त्यानंतर हिमाचे किमान, अपेक्षित व कमाल आकडे एकत्र सांगण्यावर तेथे अधिक भर दिला जाऊ लागला.

भेंडवळपासून मोबाइलपर्यंत

आभाळाविषयी आगाऊ जाणून घेण्याची ओढ नवी नाही. सहदेव-भाडळीच्या नावावरील पर्जन्यविषयक वचने मराठी खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला आजही होते आणि तिचे भाकीत वृत्तपत्रांत छापून येते. या परंपरांचे सांस्कृतिक मोल निर्विवाद आहे. परंतु नऊ-दहा महिन्यांनंतरच्या फेब्रुवारीत कोणत्या दुपारी गार पडेल, हे सांगण्याचे साधन म्हणून त्यांना वैज्ञानिक आधार नाही.

गेल्या दशकात निराळ्या वाटेने आलेले निरीक्षक देशभर पुढे आले. ‘तमिळनाडू वेदरमन’ या नावाने ओळखले जाणारे प्रदीप जॉन २०१५ च्या चेन्नई महापुराच्या काळात घराघरांत पोहोचले. आंध्र प्रदेशातील तिरुपतीचे अभियंता साई प्रणीत यांच्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी जुलै २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये केला. हैदराबादचे टी. बालाजी ‘तेलंगणा वेदरमन’ म्हणून परिचित आहेत. मराठवाड्यात परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलवरून गावोगाव ऐकले जातात. यांच्या पद्धती, शिक्षण व भाषा भिन्न आहेत. सामान्य माणसाला समजेल अशा बोलीत आणि त्याच्या तालुक्याचे नाव घेऊन हवामान सांगणे, हे त्यांच्या लोकप्रियतेमागील समान सूत्र म्हणता येईल.

या लोकप्रियतेची दुसरी बाजूही आहे. अमेरिकी प्रारूप सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे दाखवते. त्यातील बाराव्या दिवसाचा जांभळा ठिपका पाहून ‘बिदर-लातूरला महागारपीट’ असा संदेश पाठविणे अगदी सोपे आहे. दुसऱ्या दिवशी तोच ठिपका ओडिशावर गेलेला असतो, पण संदेश मात्र फिरतच राहतो. मागील वर्षांची गारांची चित्रफीत आजची म्हणून पाठविली जाते. अशा संदेशांनी दोनदा फसलेला शेतकरी तिसऱ्यांदा आलेल्या खऱ्या नारिंगी इशाऱ्याकडेही पाठ फिरवतो.

म्हणून हौशी निरीक्षकाचा अंदाज पारखताना चार गोष्टी पाहाव्यात. संदेशावर दिनांक व वेळ आहे काय? अंदाज किती तासांसाठी आणि किती मोठ्या भागासाठी आहे? शक्यता किती, हे सांगितले आहे काय? आणि मागचा अंदाज जुळला की नाही, याची नोंद निरीक्षक स्वतः ठेवतो काय? शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे. जुळलेले अंदाज सगळेच मिरवतात. न जुळलेले लिहून ठेवणाऱ्यावर विश्वास टाकावा.

जमिनीवरची नोंद

हौशी मंडळींनी अंदाजच सांगितले पाहिजेत, असे नाही. त्यांच्याकडून विज्ञानाला सर्वाधिक लाभ झाला आहे तो नोंदींमुळे. अमेरिकेत १८९० पासून स्वयंसेवी निरीक्षकांचे अधिकृत जाळे आहे. १९९७ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे अकस्मात पूर आला आणि शहराच्या एका भागातील पाऊस दुसऱ्या भागाला कळलाच नाही. त्यानंतर १९९८ मध्ये तेथे नागरिकांचे नवे जाळे उभे राहिले. त्यांतील निरीक्षक पर्जन्यमापकाबरोबर एक साधी पाटीही वापरतात. थर्माकोलसारख्या पदार्थाच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळून ती उघड्यावर ठेवायची. गारा पडल्या, की तिच्यावर खळगे उमटतात. त्यांवरून गारांची संख्या, आकार व दिशा कळते.

आपल्याकडे या नोंदींची निकड मोठी आहे. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत आणि ‘वरुण मित्र’ ही चोवीस तासांची दूरध्वनी सेवा चालविली आहे. पाऊस मोजण्याच्या बाबतीत हे राज्य आघाडीवर आहे. परंतु पर्जन्यमापकाला गार कळत नाही. वितळलेली गार त्याच्या लेखी केवळ पाणी असते. तशात कृषी विज्ञान केंद्रांमधून तालुका पातळीवरचा सल्ला देणारी जिल्हास्तरीय कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे गावातील शिक्षक, विद्यार्थी किंवा शेतकरी यांनी गार पडल्याची वेळ, आकार, किती मिनिटे पडली आणि कोणत्या शिवारात पडली, एवढे वहीत लिहून ठेवले, तरी ती नोंद रडारच्या चित्राला पूरक ठरते. आकार सांगताना बोर, सुपारी, लिंबू अशी उपमा चालेल; गारेशेजारी नाणे ठेवून छायाचित्र घेतल्यास अधिक उत्तम.

शेतकऱ्याचा निर्णय

गार पडेल की नाही, या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा : या टप्प्यावर सावधगिरीची किंमत किती, आणि ती न घेतल्यास जाणार किती? उभा, कच्चा हरभरा पाच दिवस आधीच्या अंदाजावरून उपटणे म्हणजे संभाव्य हानी टाळण्यासाठी निश्चित हानी ओढवून घेणे होय. मात्र त्याच अंदाजावर ताडपत्र्या तपासणे, मळणीयंत्राची वेळ ठरविणे आणि उचलता येणार नाही एवढी कापणी एकदम न करणे, यांत काहीच वाया जात नाही. आदल्या दिवशी नारिंगी इशारा आला, तर कापून पसरलेले पीक गोळा करून उंचवट्यावर गंजी लावावी आणि ती झाकून दोरांनी घट्ट बांधावी. पक्व पिकाची काढणी उरकून घेण्यासही हरकत नाही. शेवटच्या दोन तासांत पिकाचा विचार सोडावा. जनावरे गोठ्यात आणावीत, झाडाखाली थांबू नये, पत्र्याच्या मोकळ्या शेडपेक्षा पक्के घर गाठावे.

गारपीट होऊन गेल्यावरही वेळेचे महत्त्व उरतेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती गणली जाते. हीच योजना कर्नाटकात ‘रयत सुरक्षा’ या जोडनावाने राबविली जाते. अधिसूचित पिकाचा विमा उतरविलेल्या शेतकऱ्याने नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक असते. कापणीनंतर शेतात वाळत पसरलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत संरक्षणाची तरतूद आहे. गावाच्या सीमेलगतच्या शेतकऱ्यांची जमीन कधी एका राज्यात आणि राहते घर दुसऱ्या राज्यात असते. त्यांनी जमीन ज्या राज्यात आहे, तेथील कार्यालयाकडे व तेथील विमा कंपनीकडेच सूचना द्यावी. वेळ, दिनांक व ठिकाण यांसह काढलेली छायाचित्रे आणि वर सांगितलेली वहीतील नोंद अशा वेळी उपयोगी पडते.

येळवसीच्या सुमारास बंगळुरू, मुंबई व हैदराबाद या तिन्ही केंद्रांच्या पत्रकांवर लक्ष ठेवण्यास सुरुवात करावी, ते मार्चअखेरपर्यंत चालू ठेवावे आणि कन्नडमधील इशाऱ्याचा आशय त्याच दिवशी मराठीत, दिनांक व वेळेसह, गावाच्या फलकावर लिहावा. ठाणाकुशनूरसारख्या गावात एवढे काम नेमाने करणारा एकच निरीक्षक असला, तरी पहिली सुरुवात होते. त्यासाठी भाकिताची सिद्धी लागत नाही. दोन भाषा, एक वही आणि न जुळलेला अंदाजही लिहून ठेवण्याची तयारी पुरते.